न्हाणीच्या पाण्यावरचा विलो

आमच्या भागात झाडाला हिशेब द्यावा लागतो. बाभूळ वखराला आणि बंडीला लाकूड देते, वरून शेळ्यांना शेंगा. कडुलिंबाच्या सावलीत अख्खा उन्हाळा निघतो, निंबोळ्या गोळा करून विकता येतात. मोह, चिंच, बोर, जांभूळ यांचं तर सांगायलाच नको. आणि संत्रा? वरूड-मोर्शीकडे पोरांची शिक्षणं, पोरींची लग्नं, सोसायटीचं कर्ज, सगळं आंबिया बहाराच्या भरवशावर चालतं. अशा गावात अंगणाच्या कोपऱ्यात नुसतं पाहायला म्हणून एक विलोचं झाड लावायचं, तेही थंड मुलखातलं आणि पाण्याला हपापलेलं, म्हणजे लोकांना बोलायला आयतं निमित्त.

बोलले लोक. शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "याले फय कोनतं येते वं?" फळ येत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "मंग फुलं?" फुलं येतात, पण सुरवंटासारखी पिवळट लोंबणारी, देवाला वाहावी अशी नाहीत. मग त्यांनी फार वेळ घेतला नाही. "मंग कायले लावलं?"

त्या प्रश्नातला पाण्याचा भाग मात्र मला मान्य आहे. आमचा पट्टा भूजलाच्या बाबतीत ओरबाडलेला आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, बोअर आटले म्हणून आणखी खोल बोअर आले. आता आठशे-हजार फुटांची भाषा कोणाला जड वाटत नाही. टँकरनं बागा जगवल्याचे उन्हाळे गावानं काढलेत, आणि टँकर परवडला नाही म्हणून डोळ्यांदेखत वाळलेल्या बागांची सरपणंही पाहिलीत. अशा ठिकाणी शोभेच्या झाडाला मोटरचं पाणी सोडणं मला स्वतःलाच पटलं नसतं. म्हणून आमच्याकडे विलोची जागा मी निवडली नाही, न्हाणीनं निवडली.

घरामागे न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे पूर्वी धोपा, म्हणजे अळू, आणि चार केळी असायच्या. सासूबाईंच्या हयातीभराची व्यवस्था ती. पाणी वाहून जात नाही, डबकं होत नाही, डास कमी, आणि धोप्याच्या पानांच्या वड्या. केळी वाऱ्यानं पडल्या तेव्हा त्या जागी विलोची काडी गेली. धोपा अजून आहे, तिच्या पायाशी, आणि दोघांचं बरं जमलंय. एक गोष्ट मात्र बदलावी लागली. कपड्यांचं पाणी आता तिकडे जात नाही. धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीला फार वाईट. माती चिकट होऊन बसते, वर पाणी साचतं आणि खाली मूळ कोरडंच राहतं. अंघोळीचं पाणी आणि खरकटं काढून विसळलेल्या भांड्यांचं पाणी, एवढंच झाडाला. घरात माणसं चार, पाहुणे धरून पाच. पहिला उन्हाळा सोडला तर त्या झाडानं विहिरीचा थेंब घेतलेला नाही, हे मी काकूंना पुन्हा पुन्हा ऐकवत असते.

विलो म्हणजे एक झाड नव्हे. साधारण चारशे जातींचं ते कुळ, आणि त्यातल्या बहुतेक उत्तरेच्या थंड प्रदेशात राहणाऱ्या. आपल्याकडचा त्यांचा नातेवाईक म्हणजे वाळुंज, ओढ्या-नद्यांच्या काठी पाय ओले ठेवून उभा असतो. तो उष्णता सोसतो, आपल्या हवेचा आहे. शोभेसाठी लोक मागतात तो मात्र चीनमधला, फांद्या जमिनीपर्यंत सोडणारा, लांब निमुळत्या पानांचा विलो. आमच्याकडे तोच आहे. कोणी मोकळ्या मनानं सल्ला विचारला तर मी आधी वाळुंज सुचवते, कारण विदर्भाच्या उन्हात त्याच्यामागे निम्मी धावपळ. पण सल्ला विचारणाऱ्याच्या मोबाइलमध्ये आधीच फोटो असतो. तळ्याकाठी केस मोकळे सोडून उभं असलेलं झाड असतं त्यात, आणि मग वाळुंज कोणाला चालत नाही.

फोटोंचा आणखी एक प्रकार आहे. गुलाबी, पांढरी आणि हिरवी अशी तिरंगी पानं, काठीवर गोल डोकं. तो जपानी 'हाकुरो निशिकी'. दुसरा पिळदार फांद्यांचा, कोणी कपडे पिळावेत तशा वळलेल्या. पहिला तर आमच्या हवेत नाहीच. त्याला खरी थंडी लागते आणि मे महिन्याचं ऊन त्या नाजूक गुलाबी पानांना सोसत नाही. एवढं माहीत असूनही त्याचं बी ऑनलाइन विकत घेणारे आहेत. इथे मी जरा चिडते. विलोचं बी कापसाच्या तंतूंत गुंडाळलेलं, मोहरीहूनही बारीक असतं, आणि पिकून उडाल्यावर जेमतेम काही दिवस जिवंत राहतं. ओल्या चिखलावर लगेच पडलं तर उगवतं, नाहीतर संपलं. पुडीत भरून, गोदामात ठेवून, कुरिअरनं आठवड्यानं आलेलं विलोचं बी उगवणार कसं? आणि समजा उगवलंच, तरी असल्या खास रंगाच्या जाती बियांतून तशाच्या तशा उतरत नाहीत. त्या काडीनंच वाढवतात. शिवाय विलोत नर झाड वेगळं, मादी वेगळी. पुडी विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

रोपवाटिकांचा घोळ निराळा. माझ्या नणंदेनं मोठ्या हौसेनं एक 'विलो' आणला होता, कुठून ते राहू द्या. दोन वर्षांनी त्याला लाल झुबकेदार ब्रश लागले. लोंबत्या फांद्यांचा बॉटलब्रश होता तो, ऑस्ट्रेलियाचा, निलगिरीच्या कुळातला. वाईट झाड नाही. खरं तर आमच्या हवेला तो विलोपेक्षा जास्त मानवतो, मधमाश्या आणि शिंजीर त्याच्यावर नुसते तुटून पडतात. पण विलोचे पैसे देऊन तो का घ्यायचा? ओळखायला फुलांपर्यंत थांबायची गरज नाही. पान चुरगाळून वास घ्या. बॉटलब्रशच्या पानाला तेलकट उग्र वास येतो आणि पान ताठ असतं. विलोचं पान मऊ, कडेला अगदी बारीक दाते, आणि उलटं केलं की खालची बाजू फिकी, राखाडी झाक असलेली. वाऱ्यात झाड मधूनच रुपेरी दिसतं ते त्या खालच्या बाजूमुळे.

आमची काडी नागपूरहून आली, बहिणीच्या क्वार्टरच्या आवारातून. जानेवारीत पानं गळालेली असताना तोडलेली, बोटाएवढ्या जाडीची, वीतभर. विलोबद्दल मला जे प्रेम आहे ते त्याच्या फांद्या लोंबण्यापेक्षा या रुजण्यामुळे जास्त आहे. काचेच्या ग्लासात काडी उभी केली आणि ग्लास खिडकीत ठेवला. आधी काहीच नाही. मग पाण्याखालच्या सालीवर तांदळाच्या कणीएवढे फुगवटे दिसायला लागले. साल तिथे उभी चिरली आणि त्या चिरेतून पांढरंशुभ्र टोक बाहेर आलं, सुईच्या अग्रासारखं. एक आलं की रांगच लागते. दोन-चार दिवसांत ते टोक करंगळीच्या पेराएवढं, आणि त्याला आडव्या बारीक मुळ्या. वर तोवर एकच कळी सुटलेली असते, तिला कसली घाई नसते. झाडाच्या फांदीत मुळांची तयारी आधीपासूनच करून ठेवलेली असते, ओल मिळाली की ती बाहेर पडते. नदीकाठचं झाड आहे ते. पुरानं फांदी मोडून नेली तर ती जिथे अडकेल तिथे उभं राहायचं, हा त्याचा धंदा. अशी काडी भिजवलेलं पाणी जास्वंदीच्या, गुलाबाच्या काड्यांना घालायची बागवानांची जुनी रीत आहे. मीही घालते. फरक पडतो की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण पाणी फेकून तरी कशाला द्यायचं.

या रुजण्यामुळे विलो जगभर काड्यांनीच फिरला. नेपोलियन १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर वारला, त्याला विलोंच्या सावलीत पुरलं. मग तिथे थांबणाऱ्या जहाजांतले लोक त्या झाडाच्या फांद्या आठवण म्हणून तोडून न्यायला लागले. थेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडपर्यंत, तिथल्या कितीतरी विलोंचं कूळ लोक अजून त्या थडग्याशी जोडतात. सम्राटाच्या सैन्याला जे जमलं नाही ते त्याच्या थडग्यावरच्या फांद्यांनी केलं, असं आमच्या घरी हे म्हणतात. यांना इतिहासाची हौस आहे, झाडाची नाही.

तर काडी रुजली, वाढली, आणि खरी परीक्षा मे महिन्यात आली. ती दर वर्षी येते.

इथला मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगणं कठीण. पारा ४५ च्या वर जातो, कधी ४७ ला टेकतो, आणि दुपारच्या झळांत ओलं फडकं दोरीवर टाकून वळावं तोवर वाळलेलं. इथल्या रानानं याच्यावर आपापली तोड काढलेली आहे. साग पानं टाकून उघडा होतो. पळस आधी पानं झाडतो, मग ओक्याबोक्या फांद्यांवर फुलतो. पाणी नाही तर पान नाही, असा सरळ व्यवहार. विलोचं पंचांग वेगळं. तो पानं टाकतो ती थंडीसाठी. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत जी थोडीफार थंडी पडते तिलाच तो हिमालयाचा हिवाळा समजतो, आणि फेब्रुवारीत, बर्फ वितळल्याच्या आनंदात, नखशिखांत नवी पोपटी पानं घालून तयार. म्हणजे रान जेव्हा आवरतं घ्यायला लागतं, तेव्हा हा नटून उभा. समोर मार्च, एप्रिल, मे. कडुलिंब आणि पिंपळही चैत्रात पालवतात हे खरं, पण त्यांची मुळं खोल गेलेली. विलोची मुळं वरच्या ओलीत पसरतात आणि ती ओल गेली की त्याच्याजवळ दुसरा उपाय नसतो. त्यामुळे विदर्भात विलो सांभाळणं म्हणजे जवळजवळ सगळं काम फेब्रुवारी ते जून एवढंच आहे. बाकीचं वर्ष झाड स्वतः पाहून घेतं.

होळीच्या आधी मी बुंध्याभोवती कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरते, चांगलं वीतभर जाड. सोयाबीनचं चालतं, तुरीचं त्याहून बरं. बुंध्याला चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची, नाहीतर उधई, म्हणजे वाळवी, वर चढते. उधई हा कोवळ्या विलोचा मोठा शत्रू. वाळलेल्या टोकापासून सुरुवात करते आणि आतून पोकळ करत जाते. लावतानाच खड्ड्यात निंबोळीची ढेप घातलेली बरी. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधली होती, कारण दुपारचं ऊन सकाळच्या उन्हापेक्षा फार वेगळं लागतं. बुंध्याला बोर्डोची पेस्ट लागते. ती काही विलोसाठी बनत नाही. संत्र्याला डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याची ती पेस्ट बुंध्यांना लावतात, आणि बादलीत उरलेली हे येता येता विलोला फासतात. त्यानं ऊन परावर्तित होतं, साल भाजून तडकत नाही. निळसर बुंधा आणि वर पोपटी फांद्या, असा अवतार असतो त्याचा उन्हाळाभर.

तरीही पानांच्या कडा करपतात. टोकापासून तपकिरी होत जातात आणि एखाद्या वर्षी मेच्या शेवटी निम्मं झाड पानं टाकून मोकळं होतं. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो गेलं झाड. अशा वेळी कुऱ्हाड आणू नये, नख आणावं. फांदीची साल नखानं किंचित खरवडायची. खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड आहे. वरचं टोक वाळलं असेल तर खाली खाली खरवडत जायचं आणि हिरवं लागेल तिथे कापायचं. मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच फांदीवर पुन्हा कोंब.

दुसरं दुखणं मातीचं. आमच्या काळ्या जमिनीत चुनखडी, आणि चुनखडीत लोह अडकून बसतं. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्रावाल्याला हे नवीन नाही, तो लांबूनच ओळखतो. जमिनीत हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाकून फारसा उपयोग नाही, ते पुन्हा तिथेच अडकतं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस, जोडीला थोडी चुन्याची निवळी, आणि सकाळी पानांवर फवारा. मावा येतो, पानं चिकट होतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. कपाशी करणाऱ्या गावात मावा कोणाला शिकवायचा? पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराचसा जातो. अवकाळीच्या वादळात मोठी फांदी मोडते, ते मात्र विलोत ठरलेलंच आहे, लाकूड हलकं आणि ठिसूळ. म्हणून खाली खाट टाकायची नाही.

आणि विहीर. यांना झाड विहिरीजवळ हवं होतं, दिसायला छान दिसलं असतं. मी अडून बसले. विलोचं मूळ पाण्याच्या वासावर जातं. विहिरीच्या दगडी बांधकामाच्या फटीत, शौचालयाच्या टाकीत, फुटक्या पाइपाच्या सांध्यात, जिथे ओल तिथे ते शिरतं आणि आत झुपका करून बसतं. चाळीस फूट तरी लांब ठेवावं. घराच्या भिंतीपासूनही, विशेषतः काळ्या जमिनीत, जी उन्हाळ्यात तशीही भेगाळते.

गावातल्या पोरांना या झाडाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. टेनिस बॉलच्या मॅचेस खेळणाऱ्या पोरांच्या बॅटवर 'काश्मीर विलो' लिहिलेलं असतं, म्हणून एकदा दोघं विचारायला आले, याची बॅट होईल का. बॅटचा विलो वेगळा, सरळ उंच वाढणारा पांढरा विलो; आमच्या झाडाची विटीसुद्धा धड व्हायची नाही. ते हिरमुसले. गावातल्या म्हाताऱ्या बुरूडकाकांनी मात्र छाटलेल्या फांद्यांत मनापासून लक्ष घातलं. एक काडी उचलली, बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली, दातानं टोक धरून उभी चिरली. युरोपात टोपल्यांचा विलो दर हिवाळ्यात जमिनीलगत कापतात, म्हणजे पुढच्या वर्षी सरळ लांब छड्या येतात, आणि काश्मीरात कांगडीची, म्हणजे अंगाशी धरायच्या शेगडीची, टोपली विलोच्या काड्यांनी विणतात, हे मी त्यांना सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. "वाकते चांगलं," म्हणाले, "पन बांबूची कामटी बरी. हे वाळल्यावर तटतट मोडन." तरी एक मोळी घेऊन गेले, आणि तिची एक वाकडीतिकडी परडी आणून दिली. कांदे ठेवायला वापरतो आम्ही.

साल औषधी म्हणून कोणी ओरबाडायला येऊ नये यासाठी मी एक कहाणी सांगणं बंद केलंय, इथे सांगते. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं विलोची साल वाळवून, कुटून हिवतापाच्या रोग्यांना दिली आणि १७६३ मध्ये त्याबद्दल रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्याचा तर्क मजेशीर होता. हा ताप दलदलीच्या भागात होतो आणि विलो दलदलीतच वाढतो, तेव्हा देवानं औषध रोगाजवळच ठेवलं असणार. तर्क लंगडा, पण सालीत खरंच काही होतं. १८२८ मध्ये बुखनर या जर्मन संशोधकानं त्यातून सॅलिसिन हा घटक वेगळा काढला, आणि त्याच वाटेनं जात जात १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आलं. गुडघेदुखीसाठी झाड सोलण्यापेक्षा गोळी स्वस्त आणि मोजून घेता येते.

राहिला काकूंचा प्रश्न. मला खरं तर एक झाड असं हवं होतं की ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही. दिवसभर ज्या झाडांकडे पाहायचं त्यांच्यावर फळं मोजत पाहायचं, पिवळं पान दिसलं की पोटात गोळा यायचा. निदान एका झाडाकडे बिनकामाचं पाहता यावं. श्रावणात, बाकीची झाडं भिजून जड झालेली असताना, हे एवढ्याशा वाऱ्यानं सगळ्या अंगानं हलतं. मला तेवढं पुरतं. पण घराला ते पुरलं नाही. आधी सासूबाईंना शोध लागला की छाटलेला पाला शेळी इतर कशाहून आधी खाते. हिमाचलातल्या लाहौलकडे लोक विलोचा पाला गुरांसाठी तोडतातच, पण सासूबाईंना लाहौल कुठे आहे याच्याशी घेणं नाही. मग यांनी हिरव्या फांद्यांनी दोडक्याचे वेल मांडवाला बांधून पाहिले, अंबाडीच्या दोरीऐवजी. आता सासूबाई काकूंना स्वतःहून सांगतात, "बकरीच्या कामाचं झाड हाय." काकूंनी ते लगेच मान्य केलं. मी काही बोलले नाही, पण मला ते फारसं आवडलेलं नाही.

जानेवारीत छाटणी झाली की काड्या मागणारे येतात. भंडाऱ्याकडच्या मावसभावाला मी हसत देते. त्याच्याकडे धानाच्या बांध्या, शेजारी बोदी, म्हणजे छोटं तळं, पाण्याला तोटा नाही. नागपूरच्या फ्लॅटवाल्यांना नाही म्हणते, कुंडीत विलो म्हणजे रोज दोन वेळा पाणी आणि तरीही कुरकुर. यंदा दर्यापूरची नणंद हटून बसली, तीच बॉटलब्रशवाली. ते गाव खारपाणपट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारट आणि विलोला खार सोसत नाही. म्हणाली, शेततळ्याच्या काठावर लावीन. शेततळ्याला प्लास्टिक अंथरलंय का विचारलं तर हो. म्हणजे मुळानं ते फाडलं की संपलं. तरी ओल्या पोत्यात गुंडाळून दोन काड्या तिनं एसटीत नेल्याच. परवा फोन आला, दोन्हींना कोंब आहेत, उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून ठेवते आणि तेच घालते. मी म्हटलं, "अगं, सगळा खार त्याच पाण्यात येतो. ते आधी बंद कर, आणि छतावरचं पावसाचं पाणी धरायची टाकी पावसाआधी होते का ते यांच्या भाच्याला विचार."